बहात्तर तासांत रविवारही येतो

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा वेगळा आहे. सकाळचा चहा घेता घेता वाचत असाल आणि शेजारी सासूबाई किंवा लेक बसली असेल, तर घाईनं पान उलटू नका. वाचून झालं की त्यांच्याही हातात द्या.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. गड्ड्याची गर्दी ओसरत आली होती, होम मैदानावरचे पाळणे तेवढे फिरत होते. सोमवारी संध्याकाळी आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली, बायका उठल्या. एक जण मात्र चपला शोधण्याच्या निमित्तानं रेंगाळली. ती एका छोट्या खासगी दवाखान्यात आया आहे. तिथे सगळे तिला मावशी म्हणतात, आपणही मावशीच म्हणू. खरं तर वयानं ती माझ्याहून लहान. पण गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर आणि बोलणं असं की कुणालाही ती मावशीच वाटावी.

"ताई, एक विचारू का? कुणाला सांगू नका."

तिनं उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाला एक बारीकसा ठिपका. शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ड्रेसिंगच्या खोलीतले कापसाचे बोळे गोळा करताना त्यात राहिलेली सुई टोचली. रक्त आलं. तिनं बोट तोंडात घातलं, मग दाबून दाबून आणखी रक्त काढलं आणि वरून स्पिरिट ओतलं. हातात मोजे नव्हते. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "टीटी घे, काही होत नाही." टीटी घेतलं आणि घरी गेली. सुई कुणाला वापरलेली होती, हे कुणालाच माहीत नाही.

"मग आज का विचारायलीस?"

"काल नर्सबाईचा फोन आला ओ. त्यातनं एचआयव्ही होऊ शकतो म्हणाली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"अगं, मग काल का नाही आलीस?"

"काल रविवार होता की."

मी बोटांवर मोजलं. शनिवार सहा ते सोमवार सात, एकोणपन्नास तास. हातात राहिले तेवीस.

हे बहात्तर तासांचं गणित मला माहीत होतं, ते केवळ योगायोगानं. मी कला शाखेची पदवीधर, शास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. पण महिला मंडळाच्या कामामुळे आरोग्याच्या शिबिरांत बसायला मिळालं आणि तिथे एकदा हे ऐकलं होतं. एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरला तरी लगेच ठाण मांडत नाही. आधी शिरल्या जागेच्या आसपासच्या पेशींत तो वाढतो, मग हळूहळू सगळीकडे पसरतो. या मधल्या काळात औषध सुरू केलं तर त्याला तिथेच रोखता येतं. या उपचाराला पेप म्हणतात. सुरू करायचा तो जितक्या लवकर तितका चांगला, शक्यतो दोन तासांच्या आत. उशिरात उशिरा बहात्तर तास. त्यानंतर देण्यात अर्थ राहत नाही. आणि हे बहात्तर तास घड्याळाचे असतात, कचेरीचे नव्हेत. त्यात रविवारही येतो, रात्रही येते, गड्ड्याची सुट्टीसुद्धा येते.

मावशीला मी म्हटलं, "चल, सिव्हिलला जायचं, आत्ता."

"आत्ता? उद्या सकाळी गेलं तर? घरी काय सांगू?"

घरी माझ्या नावानं काहीतरी सांगितलं. खोटं बोलले, हे कबूल करते. रिक्षात ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "पोरीचं ठरत आलंय ताई." सुईनं झालं म्हणून सांगितलं तरी लोक दुसरंच समजतील, ही तिची भीती. आणि ती खोटी होती असं मला म्हणवत नाही.

आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे एआरटी केंद्र आहे. ते दिवसा चालतं, पण अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो आणि पेपचा पहिला डोस तिथेच मिळायला हवा, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. नऊच्या सुमारास पोचलो. ड्यूटीवरचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं चार प्रश्न विचारले. कधी टोचली, किती खोल, सुई पोकळ होती का, तिच्यावर रक्त दिसत होतं का. मग मावशीची संमती घेऊन एचआयव्हीच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. बी कावीळ, सी कावीळ याही तपासण्या लिहिल्या. आणि रिपोर्टची वाट न बघता पहिली गोळी हातावर ठेवली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, तीन औषधं एकाच गोळीत. रोज एक, अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. पैसे पडले नाहीत.

मावशीनं गोळी गिळली आणि म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. त्यासाठी एकावन्न तास गेले होते.

तिनं जे जे केलं होतं, ते डॉक्टरांनी नंतर एकेक करून चुकीचं ठरवलं. सुई टोचली तर बोट तोंडात घालायचं नाही. दाबून रक्त काढायचं नाही. स्पिरिट, डेटॉल, हळद, चुना काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली धरून साबणानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. धोका किती, तर एचआयव्ही असलेल्या माणसाचं रक्त लागलेली सुई टोचली तरी लागण होते ती हजारात साधारण तिघांना. मावशीची सुई कुणाची हेच माहीत नव्हतं, म्हणजे धोका त्याहूनही कमी. हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. पण हजारात तीन म्हणजे शून्य नव्हे. आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी स्वतःला टोचली असती तर टीटीवर भागवलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एचआयव्हीसंबंधी २०१७ साली केंद्राचा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. दवाखान्यासारख्या ठिकाणी, जिथे कामामुळे रक्ताशी संबंध येऊ शकतो, तिथल्या प्रत्येक कामगाराला बचावाची साधनं, प्रशिक्षण आणि असं काही घडलंच तर पेप पुरवणं ही त्या कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. डॉक्टर, नर्स एवढ्यांनाच नव्हे, तर झाडूवाली, आया, कपडे धुणारी यांनाही. तुमच्या ओळखीत कुणी अशा ठिकाणी कामाला असेल, तर तिला हे आजच सांगा.

आपल्या मनात काय बसलंय बघा. नव्वदच्या दशकात भिंतीभिंतींवर लिहिलेलं असायचं की एड्सला औषध नाही. आम्ही बायकांनीही प्रभातफेरीत ती घोषणा दिली आहे. तेव्हा ते खरंच होतं. महाराष्ट्र देशातल्या सर्वाधिक लागण असलेल्या सहा राज्यांपैकी एक. नवरा गेला की वर्षा-दोन वर्षांत बायको जायची आणि मागे पोरं उरायची. पंढरपूरला मंगलताई शहांनी 'पालवी' सुरू केली ती अशाच मुलांसाठी. मग १ एप्रिल २००४ पासून या सहा राज्यांत सरकारी औषध मोफत मिळू लागलं. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच औषध सुरू करतात. रोज गोळी घेणारा माणूस आता म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. हे सगळं बदललं, पण भिंतीवरचं ते वाक्य आपल्या डोक्यातून पुसलं गेलं नाही. औषध नाहीच, तर धावायचं कशाला? म्हणून मावशी रविवारभर घरी बसली.

लिहायला जड जातं, पण आया-बहिणींसाठी आणखी एक लिहिते. बलात्कार झालेल्या मुलीला, बाईलाही हेच बहात्तर तास असतात. त्याच वेळी गर्भ राहू नये म्हणून गोळीही देतात. अशा वेळी आपण आधी काय करतो? दार लावून घेतो. मग मोठ्या माणसांची बैठक, मग पोलिसात जायचं की नाही यावर दोन दिवस वाद. कायदा असा आहे की दवाखाना सरकारी असो की खासगी, पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं त्याला बंधनकारक आहे. २०१३ साली ही तरतूद आली, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. आणि उपचार मिळण्यासाठी आधी पोलिसांचा कागद लागत नाही. तक्रारीचं काय ते घरात नंतर ठरवा, पण पोरीला आधी दवाखान्यात न्या. आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका आणि वेळ घालवू नका.

हे झालं घडून गेल्यावरचं. घडायच्या आधी घ्यायचीही एक गोळी आहे. तिला प्रेप म्हणतात. पेप आणि प्रेप, नावं सारखी असल्यानं माझाही सुरुवातीला गोंधळ व्हायचा. पावसाआधी उघडलेली छत्री म्हणजे प्रेप. भिजल्यावर लगोलग अंग कोरडं करणं म्हणजे पेप. हिचा उपयोग कुणाला, तर ज्याला धोका पुन्हा पुन्हा आहे त्याला. देहविक्रय करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी. आणि एक जण आपल्या घरातलीही असू शकते, ती म्हणजे जिच्या नवऱ्याला लागण आहे पण तिला नाही.

अशी एक मुलगी माझ्याकडे आली होती. वय चोवीस, नवरा हैदराबाद लाईनला ट्रक चालवतो. त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, हिची निगेटिव्ह. त्याचं औषध सुरू झालं. पण त्याच्या रक्तातला विषाणू दबायला काही महिने लागणार होते. तोवर काय? "माहेरी जा" हे सांगणं सोपं. माहेरी कारण काय सांगणार? निरोध वापरायला तो तयार आहे म्हणाली, पण दारू प्यायला की त्याच्या तयारीचा भरवसा नाही. अशा मधल्या काळासाठी प्रेप अगदी योग्य. 'नॅको'नं २०२२ मध्ये प्रेपच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण पेपसारखी ती सरकारी खिडकीवर सरसकट मोफत मिळत नाही, बहुतेकांना स्वतःच्या खर्चानं घ्यावी लागते. या मुलीला कुणीतरी पुण्याच्या एका खासगी डॉक्टरांचं नाव सांगितलं. पहिल्या फेरीला डॉक्टर परगावी. दुसऱ्या फेरीला तपासण्या लिहून दिल्या, रिपोर्ट दोन दिवसांनी म्हणाले. तिसऱ्या फेरीला ती गेलीच नाही. पुण्याला जाऊन येऊन पाचशे किलोमीटर, वर घरी दर वेळी नवं कारण. मला म्हणाली, "मावशी, तिथं माझी मैत्रीण राहती म्हणून दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा काय सांगू?"

"उद्या या" हा शब्द आपल्याला रेशनच्या कार्यालयापासून सगळीकडे ऐकायची सवय आहे. पण अशा कामाला हिंमत एकदाच गोळा होते. न्यूयॉर्क महापालिकेची लैंगिक आरोग्याची क्लिनिकं आहेत, बँकॉकमध्ये याच समूहांतले लोक चालवतात ती क्लिनिकं आहेत. तिथे ओळख, चिठ्ठी काही नसताना सरळ आत जायचं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन एचआयव्हीची तपासणी वीस-पंचवीस मिनिटांत होते. ती निगेटिव्ह आली की मूत्रपिंड आणि काविळीच्या तपासणीसाठी रक्त घेतात आणि गोळ्या त्याच दिवशी हातात देतात. मूत्रपिंडाचा रिपोर्ट नंतर येतो. त्यात काही निघालं तर फोन करून थांबवतात. तरुण, धडधाकट माणसात तसं क्वचित निघतं. म्हणजे क्वचितच्या भीतीनं सगळ्यांना परत पाठवायचं की सगळ्यांना देऊन क्वचित निघालेल्याला फोन करायचा, एवढाच फरक. बाईच्या शरीरात या गोळीचं पुरेसं कवच तयार व्हायला रोज घेऊन आठवडाभर लागतो. म्हणून तर सुरुवातीचा एकेक दिवस महत्त्वाचा.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. आपली सरकारी 'सुरक्षा क्लिनिक' कधी बघितलीत का? तिथे गुप्तरोगांवरची औषधं सात रंगांच्या किटमध्ये ठेवलेली असतात. बाईच्या अंगावरून जातंय तर हिरवं, ओटीपोटात दुखतंय तर पिवळं. लक्षणं ऐकायची, तपासायचं आणि किट पहिल्याच भेटीत मोफत द्यायचं. कारण ती बाई पुन्हा येईलच याची खात्री नाही, हे ती पद्धत बसवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशक बहुतेक त्याच आवारात. म्हणजे खोली आहे, माणसं आहेत, त्याच दिवशी देण्याची रीतही आहे. त्याच कपाटात आठवं पाकीट प्रेपचं ठेवायचं, एवढंच माझं मागणं आहे. आणि जाता जाता, या क्लिनिकच्या पाट्या थोड्या समजुतीनं लावाव्यात. 'गुप्तरोग' असं ठसठशीत लिहिलेल्या दारातून शेजारीण बघत असताना आत जायला बाईला वाघाचं काळीज लागतं.

गोळी मिळाली की लोक मोकाट सुटतील, असं आमच्या मंडळातल्याच एकीनं मला सुनावलं. संततिनियमनाच्या गोळ्या आल्या तेव्हाही हेच म्हणत होते. आपल्या आसपास बेतालपणा असेल तर तो गोळीच्या आधीपासून आहे आणि त्याची किंमत घरी बसलेल्या बाईनं मोजली आहे. खरा मुद्दा वेगळा आहे. ही गोळी गरमी, परमा यांपासून वाचवत नाही, दिवस राहणंही थांबवत नाही. निरोध लागतोच. मैसूरला देहविक्रय करणाऱ्या बायकांच्याच 'अशोदया समिती'नं २०१६ च्या आसपास साडेसहाशेच्या घरात बायकांना प्रेप देऊन पाहिलं. नियमानं गोळ्या घेतल्या गेल्या आणि त्या काळात एकीलाही लागण झाली नाही. कोलकात्याच्या सोनागाछीतही असाच प्रयोग झाला. आपल्या शेजारी सांगलीत 'संग्राम' आणि तिथल्या बायकांची 'वॅम्प' ही संघटना, दोन्हींचं काम नव्वदच्या दशकापासूनचं. घराघरांत निरोध पोचवला तो या बायकांनीच. गोळ्या पोचवणं त्यांना कुणी शिकवायला नको.

माझी तक्रार आहे ती दुसरी. पाळी लांबवायची गोळी बाईनं खायची, मूल नको म्हणून गोळी बाईनं खायची, आणि आता नवऱ्याच्या आजारापासून वाचायलाही गोळी तिनंच खायची! आणि ती ठेवायची कुठे? पिठाच्या डब्यात? म्हणून मला सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची आशा वाटते. लेनाकापाविर त्याचं नाव. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात दोन हजारांहून जास्त तरुण मुलींना ते दिलं, आणि २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा एकीलाही लागण झालेली नव्हती. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. स्वस्तात बनवण्याचा परवाना ज्या कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. २०२७ पासून गरीब देशांसाठी वर्षाला चाळीस डॉलरच्या आसपास किंमत ठेवण्याचे करार इतर दोन भारतीय कंपन्यांनी केलेत. घरात गोळ्यांचं पाकीट नाही, कुणाच्या हाती लागायची भीती नाही.

ती ट्रकवाल्याची बायको सध्या बरी आहे. नवऱ्याची औषधं चुकत नाहीत, आता तिनंच ती हाती घेतली आहेत. दोघांची तपासणी ठरल्याप्रमाणे होते. परवा तिनं विचारलं, "मला मूल होऊ शकतं का?" होऊ शकतं. एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंशी तिची गाठ घालून दिली आहे.

आणि मावशी? अठ्ठावीस दिवस मी तिला रोज रात्री फोन करत होते. पहिले चार दिवस मळमळ, डोकं जड, झोप नाही. म्हणाली, "सोडू का ओ ताई?" मी म्हटलं, "वारी अर्ध्यात सोडतीस का?" मग नाही सोडली. दीड महिन्यानं तपासणी झाली. रिपोर्ट हातात घेऊन ती दारातच उभी. "ताई, निगेटिव्ह म्हणायलेत. म्हणजे वाईट का चांगलं?" मी तिला तिथेच मिठी मारली. तीन महिन्यांची तपासणी चैत्रातल्या उन्हात झाली, तीही निगेटिव्ह. वैशाखात मुलीचं लग्न लागलं. दवाखान्यात आता मोज्यांचा डबा आला आहे. सुया टाकायचा पांढरा डबा मात्र तिनं तीनदा मागितला, तेव्हा आला. १०९७ हा एचआयव्हीच्या माहितीचा मोफत फोन. तो नंबर तिनं ड्रेसिंगच्या खोलीत कॅलेंडरवर लिहून ठेवलाय आणि आम्ही गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर.

सहा महिन्यांची शेवटची तपासणी तेवढी बाकी आहे. मावशी दर आषाढीला पंढरपूरला जाते. या वेळी निघायच्या आधीच सिव्हिलला जाऊन यायचं ठरलंय, सोमवारी सकाळी. मी बरोबर जाणार आहे.